सिक्युअर बूट बंद आहे म्हणून चांगला कॉम्प्युटर मोडीत काढायचा का?

सटाणा म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्याचं मुख्य ठिकाण. कांदा, डाळिंब आणि द्राक्षांचा पट्टा. अशा गावात घरातला कॉम्प्युटर एकट्या कुणाचा नसतो. मुलांचा अभ्यास, महाडीबीटीचा अर्ज, सातबाराची प्रिंट, दुकानाचे हिशोब आणि लग्नाचे फोटो, सगळं त्याच एका डब्यात असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबतं. म्हणून विंडोज ११ टाकायला जावं, तर अनेकांना उत्तर मिळतं की या पीसीला सिक्युअर बूटचा सपोर्ट हवा. मग घरात चर्चा सुरू होते: नवा घ्यायचा का?

थांबा. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये ही सोय आधीपासून असते. फक्त ती बंद असते.

सिक्युअर बूट म्हणजे काय?

बटण दाबल्यापासून विंडोजचा लोगो दिसेपर्यंतच्या काही सेकंदांत मदरबोर्डमधला छोटा प्रोग्राम विंडोजला जागं करतो. अँटीव्हायरस त्यानंतर सुरू होतो. त्यामुळे एखादा व्हायरस या पहिल्या टप्प्यातच घुसला, तर अँटीव्हायरसला तो दिसणंही अवघड.

सिक्युअर बूट इथे दारावर उभं राहतं. सुरू होणाऱ्या प्रोग्रामवर ओळखीची डिजिटल सही आहे का, ते तपासतं. सही नसेल तर आत सोडत नाही. विंडोज ८ सोबत, म्हणजे २०१२ पासून ही सोय सर्रास येऊ लागली.

ती अभेद्य नाही. २०२३ मध्ये समोर आलेल्या ब्लॅकलोटस नावाच्या व्हायरसने तिलाही चकवलं होतं. सह्या तपासणाऱ्या २०११ च्या सर्टिफिकेट्सची मुदतही जून २०२६ पासून संपू लागते आणि नवी सर्टिफिकेट्स अपडेटमधूनच मिळतात. म्हणजे सिक्युअर बूट चालू करून विसरून जाण्याची गोष्ट नाही.

मग ते बंद का असतं?

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे जास्त दिसतं. कधीतरी विंडोज ७ टाकताना मदरबोर्ड 'लेगसी' या जुन्या पद्धतीवर ठेवला जातो. पुढे त्याच डिस्कवर विंडोज १० येतं, पण पद्धत जुनीच राहते. सिक्युअर बूटला मात्र 'यूईएफआय' ही नवी पद्धत लागते.

मायक्रोसॉफ्टची अटही नीट वाचायला हवी. विंडोज ११ साठी कॉम्प्युटर सिक्युअर बूट करण्याच्या लायक असावा लागतो. अपग्रेडच्या वेळी ते चालूच असलं पाहिजे असं नाही, चालू ठेवणं सुरक्षिततेसाठी चांगलं. पण कॉम्प्युटर लेगसीवर असेल तर तो त्या अटीत बसत नाही.

आधी काय तपासायचं?

स्टार्ट मेनूत 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा आणि दोन ओळी बघा: 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट'.

- मोड यूईएफआय आणि स्टेट 'ऑफ' असेल, तर काम सोपं. बायोसमध्ये जाऊन ते चालू करायचं.
- मोड लेगसी असेल, तर बायोसला हात लावण्याआधी डिस्क बदलावी लागेल.

गडबड नेमकी कुठे होते?

लेगसीवरच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी थेट बायोसमध्ये जाऊन यूईएफआय लावतं. रिस्टार्ट केल्यावर स्क्रीनवर येतं की बूट करायला काही सापडत नाही. डेटा गेला असं वाटतं आणि घाबरून फॉरमॅटला होकार दिला जातो. फोटो आणि हिशोब जातात ते तेव्हा.

खरं तर बायोसमधली सेटिंग पुन्हा पूर्वीसारखी केली, की अशा वेळी विंडोज सहसा परत सुरू होतं.

योग्य क्रम असा:

१. महत्त्वाच्या फाइल्स वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.
२. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. सेटिंग बदलल्यावर कॉम्प्युटर ती मागू शकतो.
३. डिस्क 'एमबीआर'वरून 'जीपीटी'वर न्या. त्यासाठीचं 'एमबीआर-टू-जीपीटी' हे टूल २०१७ पासून विंडोज १० मध्येच आहे आणि ते डेटा न पुसता काम करतं.
४. मगच बायोसमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू करा.

एक अडचण येऊ शकते. विंडोजच्याच डिस्कचे सी, डी, ई असे बरेच भाग पाडलेले असतील, तर हे टूल नकार देऊ शकतं. तेव्हा जाणकाराकडेच जा.

आणि लाईटचा भरवसा नसेल तर डिस्क बदलताना किंवा बायोस अपडेट करताना यूपीएस किंवा इन्व्हर्टर हवाच. अर्ध्यात वीज गेली तर कॉम्प्युटर सुरूच न होण्याचा धोका असतो.

सगळं करूनही नाही जमलं तर?

विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोयही लागते. इंटेलच्या बोर्डवर ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डवर 'एफटीपीएम' नावाने बायोसमध्ये सापडू शकते. प्रोसेसरची अट मात्र सेटिंगने सुटत नाही. इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो.

प्रोसेसर त्याहून जुना असेल तरी लगेच खर्च करायची गरज नाही. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. इंटरनेट आणि टायपिंगपुरता वापर असेल तर उबुंटूसारखं मोफत लिनक्सही चालतं. अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही भेटतील, पण अशा कॉम्प्युटरला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

सपोर्ट कधी थांबवायचा हे कंपनी ठरवते, त्याचा खर्च मात्र घरावर पडतो. तो खर्च खरंच गरजेचा आहे का, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून दुकानात गेल्यावर आधी तीन प्रश्न विचारा: बायोस मोड कोणता आहे? प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे? फॉरमॅट न करता डिस्क बदलता येईल का? उत्तरं मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका.