कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि पडद्याची मालकी

राज्य कोणाचे हे जसे मुद्रेवरून कळते, तसे पडदा कोणाचा हे त्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून कळते. शिवछत्रपतींची राजमुद्रा फारसीत नव्हे, संस्कृतात कोरली गेली. त्या एका निर्णयातून राज्य कोणत्या परंपरेचे आणि कोणासाठी हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही. मुद्रा लहान असते, पण ती उमटवणाऱ्याचा सारा विचार तिच्यात सामावलेला असतो. आज मराठी घरात सर्वाधिक वेळा डोळ्यांसमोर येणारी मुद्रा कोणती, असे विचारले, तर उत्तर दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या बोधचिन्हाचे द्यावे लागेल. ते दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात असते, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ते पाहिले पाहिजे.

डोळ्याचा जन्म

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीहून १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. तोवर दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी ती आकाशवाणीपासून वेगळी झाली, ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि तिला स्वतःच्या ओळखीची गरज भासली. हे काम परदेशी जाहिरात संस्थेकडे गेले नाही. १९६१ साली अहमदाबादेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे ते सोपवण्यात आले. तेथील देवाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने दोन वक्ररेषा आणि मधोमध वर्तुळ अशी आकृती काढली, आणि तीच देशाचा डोळा ठरली.

या आकृतीला पं. रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधलेल्या धूनीची जोड मिळाली. वक्ररेषा फिरत फिरत एकत्र येत, डोळा आकार घेई आणि खाली ‘सत्यं शिवं सुंदरम्’ ही अक्षरे उमटत. ज्या पिढीने चाळीतल्या एकाच संचासमोर सारा मजला दाटीवाटीने बसलेला पाहिला, तिला या काही क्षणांचे मोल सांगावे लागत नाही. स्वयंपाकघरात असलेल्या माणसालाही ती धून ऐकून प्रक्षेपण सुरू झाल्याचे कळत असे.

या पूर्वी आकाशवाणीनेही हेच साधले होते. १९३६ साली वॉल्टर कॉफमन या निर्वासित ज्यू संगीतकाराने शिवरंजनी रागाच्या आधारे आकाशवाणीची धून बांधली. बाहेरून आलेल्या माणसानेही या भूमीच्या सुरांतच ओळख शोधली, आणि ती धून पिढ्यान्‌पिढ्या पहाटेची खूण ठरली. ओळख मातीतून घेतली की ती टिकते, याचे हे दोन दाखले आहेत.

टिकणारे आणि बदलणारे

चिन्ह टिकवणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. दर चार-पाच वर्षांनी ‘नवा साज’ चढवला नाही तर तरुण प्रेक्षक दूर जाईल, असे व्यवस्थापनशास्त्राचे पंडित सांगतात. जगाचा अनुभव मात्र इतका एकसुरी नाही. अमेरिकेतील सीबीएस या जाळ्याने विल्यम गोल्डन यांनी घडवलेले डोळ्याचे चिन्ह १९५१ साली स्वीकारले. सत्तर वर्षे उलटून गेली, तरी तो डोळा ओळखता येईल असाच आहे. त्याच देशातल्या एनबीसीने रंगीत प्रक्षेपणाची खूण म्हणून १९५६ साली मोर आणला. मधल्या काळात त्याला बाजूला सारले, पण अखेर मोराकडेच परत यावे लागले. एमटीव्हीने १९८१ साली उलट वाट धरली. अक्षरांचा आकार कायम ठेवून त्यांचा रंग आणि पोत सतत बदलत ठेवायचा, अशी तिची रीत होती. म्हणजे जी वाहिनी बदलाचीच उपासक होती, तिलाही आकार स्थिर ठेवावा लागला.

२०१७ साली प्रसारभारतीने दूरदर्शनच्या नव्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली, एक लाख रुपयांचे पारितोषिकही ठेवले. तरुणांना आपलेसे वाटेल असे काही हवे, ही त्यामागची भूमिका होती. देशभरातून प्रवेशिका आल्या. त्याच वेळी जुना डोळा जाऊ नये, असा सूरही उमटला. आज तो डोळा जागेवर आहे. लोकांनी मनाने स्वीकारलेले चिन्ह सरकारी खात्याची मालमत्ता राहत नाही, ते लोकांचे होते.

एप्रिल २०२४ मध्ये ‘डीडी न्यूज’च्या चिन्हाचा रंग लाल जाऊन भगवा आला, तेव्हा मोठे वादळ उठले. ऐन लोकसभा निवडणुकीत असा बदल का, असे टीकाकारांनी विचारले. हा केवळ दृश्यरूपाचा भाग असल्याचे प्रसारभारतीने सांगितले. भगवा रंग हा त्याग आणि शौर्याचा रंग म्हणून राष्ट्रध्वजात मानाने विराजमान आहे, त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक वाहिनीची प्रतिष्ठा अखेर रंगावर नव्हे, बातमीच्या खरेपणावर ठरते, हेही तितकेच खरे. या वादात दोन्ही बाजूंनी रंगावर भरपूर शाई खर्च केली. लिपीवर आणि पडद्यावरच्या अतिक्रमणावर मात्र कोणी एक ओळही लिहिली नाही.

मालकाचे नाव, घराचा शब्द

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांचे युग आले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. मराठी प्रेक्षकाला १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आणि २०००मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ मिळाली, त्याच वर्षी दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव लाभले. मराठी कथा, मराठी संगीत, मराठी रंगभूमीवरचे कलावंत घराघरांत पोहोचले. या उपकाराची नोंद केलीच पाहिजे.

पण नावांचा पुढचा प्रवास पाहावा. २००५ साली ‘अल्फा’चे ‘झी मराठी’ झाले. ‘स्टार माझा’ २०१२ मध्ये ‘एबीपी माझा’ झाली. ‘ई टीव्ही मराठी’ २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाली. कार्यक्रम, भाषा आणि प्रेक्षक तेच राहिले. बदलले ते उद्योगसमूहाचे किंवा त्याच्या व्यापारनामाचे आद्यपद. ‘सह्याद्री’ हे नाव प्रेक्षकाच्या भूमीचे होते. बाकीच्या नावांत प्रेक्षक दुसऱ्या क्रमांकावर गेला. ‘एबीपी माझा’ या चिन्हात पहिली तीन अक्षरे रोमन लिपीत आहेत आणि ‘माझा’ देवनागरीत. ‘झी २४ तास’मध्येही ‘तास’ तेवढा देवनागरीत येतो. मालकाचे नाव रोमनमध्ये आणि जिव्हाळ्याचा शब्द देवनागरीत, अशी ही वाटणी आहे. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू असेल, असे मानण्याचे कारण नाही. अनेक भाषांत वाहिन्या चालवणाऱ्या समूहाला सर्वत्र एकच व्यापारचिन्ह हवे असते, हे समजण्यासारखे आहे. परंतु परिणाम हेतूवर अवलंबून नसतो. अक्षरओळख होण्याआधीच मूल पडद्याच्या कोपऱ्यातले चिन्ह ओळखू लागते. प्रतिष्ठेचे अक्षर कोणते आणि घरगुती अक्षर कोणते, हा धडा ते कोणी न शिकवता शिकते.

महाराष्ट्राने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक केले. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रस्त्यावरच्या पाटीसाठी इतका झगडा करणाऱ्या समाजाने दिवाणखान्यातल्या पाटीकडे पाठ फिरवावी, ही विसंगती आहे. दुकानाची पाटी दिवसातून एकदा दिसते, ही पाटी तासन्‌तास समोर असते.

पडद्यावरचे अतिक्रमण

लिपीइतकाच गंभीर प्रश्न जागेचा आहे. कोपऱ्यातले चिन्ह पूर्वी कायमचे नसे. कार्यक्रम सुरू होताना ते येई आणि जाई. वाहिन्या वाढल्या, बटण दाबत फिरणाऱ्या प्रेक्षकाला आपण कोठे आहोत हे कळावे म्हणून ते कायमचे झाले. तेवढे मान्य करता येईल. पुढे ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला आणि तेथील वृत्तवाहिन्यांनी पडद्याच्या तळाशी सरकती पट्टी सुरू केली. प्रसंग असाधारण होता, उपायही असाधारण होता. संकट सरले, पट्टी राहिली. आज कोणत्याही दिवशी वृत्तवाहिनी लावावी. तळाशी पट्टी, तिच्यावर दुसरी पट्टी, बाजूला चौकट, कोपऱ्यात चिन्ह आणि कोठेतरी ‘ब्रेकिंग’चा लाल शिक्का. बोलणाऱ्याचा चेहरा मधल्या उरलेल्या जागेत शोधावा लागतो. मालिकेतही अभंग चालू असताना खालून साबणाची वडी उगवते.

याला कायद्यात उत्तर नाही असे नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधील नियम ७ (१०) स्पष्ट सांगतो की, जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखता आली पाहिजे, आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर वा सरकती अक्षरे दाखवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये. त्याच नियमाचे पुढचे कलम तासाला बारा मिनिटांची मर्यादा घालते. त्यात दहा मिनिटे व्यापारी जाहिराती आणि दोन मिनिटे वाहिनीची स्वतःची जाहिरात. नियम आहे; उणीव आहे ती तो मागणाऱ्या प्रेक्षकाची.

करता येण्याजोगे

२०२१ साली या नियमांत दुरुस्ती होऊन तक्रारीची त्रिस्तरीय व्यवस्था उभी राहिली. कार्यक्रमसंहिता वा जाहिरातसंहितेचा भंग झाला असे वाटल्यास प्रेक्षक थेट वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यावी आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवावा, असे बंधन आहे. समाधान न झाल्यास स्वनियामक संस्थेकडे, आणि त्यापुढे केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे जाता येते. चिडून दूरचित्रवाणी बंद करण्यापेक्षा तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचे नाव घालून लिहिलेले पत्र अधिक परिणामकारक ठरते. एका वस्तीतून अशी पन्नास पत्रे गेली, तर वाहिनीच्या कार्यालयात त्यांची दखल घ्यावीच लागेल.

लिपीच्या प्रश्नाला मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी वाहिनीचे पूर्ण नाव देवनागरीत असावे, ही मागणी साधी आहे, बिनखर्चाची आहे, आणि कोणत्याही भाषेच्या विरोधात नाही. साहित्य संमेलने, ग्रंथालये, शाळांचे पालक-शिक्षक संघ, गणेशोत्सव मंडळे यांनी ती ठरावाच्या रूपाने वाहिन्यांकडे पोहोचवावी. घरात पालकांनी मुलांना एवढेच विचारावे, हे कोपऱ्यातले चिन्ह कोणाचे, त्यावर काय लिहिले आहे, आणि ते कोणत्या अक्षरांत? प्रश्न विचारणारे मूल जाहिरातीचे सहज भक्ष्य होत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या कागदावरील दोन वक्ररेषांनी देशाला ओळख दिली, कारण त्यांच्यामागे देश होता, दुकान नव्हते. आजच्या वाहिन्यांनी व्यापार जरूर करावा. पण ज्या घरात त्या रोज पाहुण्या म्हणून येतात, त्या घराच्या अक्षरांत आपले नाव सांगावे आणि बसायला दिलेल्या जागेतच बसावे. पाहुण्याकडून एवढी अपेक्षा करण्याचा यजमानाला अधिकार आहे.