मोठ्या माणसास बाळाच्या लसी

गृहस्थाश्रमांत दुखण्याशीं गांठ कोणास चुकलेली नाहीं. दुखणें आलें म्हणजे घरांतील सारीं माणसें कंबर बांधून उभीं राहतात, पैशाची तजवीज करतात, जागरणें वांटून घेतात, आणि रोगी घरीं परतला कीं देवापुढें साखर ठेवून सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु कांहीं दुखण्यांत रोग्याचें घरीं येणें ही समाप्ति नसून केवळ मध्यंतर असतें, व उत्तरार्धाचा भार डॉक्टरांपेक्षां घरच्या माणसांवरच अधिक पडतो. अस्थिमज्जारोपण, म्हणजे ज्यास आपण सर्वजण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतों, तें अशांपैकीं एक होय. या रोपणानंतर रोग्यास लहानपणीं टोचलेल्या बहुतेक लसी पुन्हां टोचून घ्याव्या लागतात, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनही फारशी ठाऊक नसते. म्हणून या महिन्याचें हें पान त्या विषयास दिलें आहे.

आम्हां सोलापूरकरांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ सालीं आमच्याच जिल्ह्यांत, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयानें सुरू झाली. रोग ओळखला गेल्यावर मोठ्या उपचारांसाठीं सिद्धेश्वर एक्सप्रेसनें मुंबई गांठणारीं कुटुंबें येथें पुष्कळ आहेत. भारतांतील पहिलें यशस्वी अस्थिमज्जारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९८३ सालच्या मार्च महिन्यांत झालें. रोगी होती रक्ताच्या कर्करोगानें पीडलेली नऊ वर्षांची मुलगी, व तें रोपण करणाऱ्या वैद्यपथकाचे प्रमुख होते डॉ. सुरेश अडवानी. ज्यांच्या कार्यास पुढें १९९० सालीं नोबेल पारितोषिक लाभलें त्या डॉ. डॉनल थॉमस यांच्या अमेरिकेंतील सिॲटल येथील संस्थेंत अडवानींनीं ही विद्या शिकून घेतली होती. विशेष हें कीं, स्वतः अडवानींस बालपणींच पोलिओनें गांठलें, आणि त्यांनीं आपलें सारें कर्तृत्व चाकांच्या खुर्चींत बसून गाजविलें. त्यांच्या बालपणीं पोलिओची लस आपल्या देशांत घरोघर पोहोंचलेली नव्हती. एक लस वेळेवर न मिळणें म्हणजे काय, याचा याहून बोलका दाखला शोधावयास नको.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लहानपणीं टोचलेली लस मोठेपणीं निष्फळ कां व्हावी?

हाडांच्या पोकळींत जी मज्जा असते ती रक्ताची जन्मभूमि होय. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या कणिका यांचा उगम तेथेंच होतो. पांढऱ्या पेशींपैकीं कांहींचें काम स्मरणाचें असतें. गोवर, धनुर्वात, घटसर्प इत्यादि रोगांचे जंतु एकदां लसीच्या रूपानें भेटले कीं या पेशी त्यांची ओळख वर्षानुवर्षें जपून ठेवतात, आणि खरा शत्रु दारीं आला कीं तत्काळ प्रतिकार उभारतात. रोपणापूर्वीं रोगट मज्जा नाहींशी करण्यासाठीं तीव्र औषधें व कधीं किरणोपचार द्यावे लागतात, व त्यांत या स्मरण ठेवणाऱ्या पेशींचाही मोठा संहार होतो. नंतर दात्याकडील नव्या मूलपेशी शिरेवाटे, रक्त चढवावें त्याप्रमाणें, शरीरांत सोडतात. हाड कापून हाड बसवितात अशी जी पुष्कळांची समजूत आहे ती खरी नव्हे.

माझें आयुष्य खडू-फळ्यापाशीं गेलें, तेव्हां शाळेचाच दाखला देतों. एखाद्या शाळेंतील जुने सर्व विद्यार्थी एकदम निघून गेले व नवीं मुलें येऊन बसलीं, तर इमारत तीच, बांकें तींच, फळ्यावर नांवही तेंच. परंतु जुन्या मुलांनीं पाठ केलेले धडे नव्या मुलांस कसे येतील? त्यांस अ-आ-इ पासूनच शिकविलें पाहिजे. जुन्या वर्गाचें प्रगतिपुस्तक दाखवून नव्या वर्गाची परीक्षा उतरत नाहीं. रोग्याचा लहानपणचा लसीकरणाचा कागद असाच जुन्या वर्गाचा कागद होय. रुग्णालयांत रोपणाच्या दिवसास शून्य दिवस म्हणतात व तेथून पुढें दिवस मोजतात. आपल्याकडे मुंज झालेल्या बटूस द्विज म्हणतात. येथें चाळीस-पन्नास वर्षांचा गृहस्थ रक्तापुरता खरोखरच दुसऱ्यांदा जन्मास येतो, आणि म्हणून बाळाचे संस्कार त्यास पुन्हां करावे लागतात.

ज्यांचें रोपण स्वतःच्याच मूलपेशींनीं झालें, त्यांच्या घरीं एक भ्रम हमखास आढळतो. पेशी आपल्याच असल्यानें नवी लस कशाला, असें ते म्हणतात. परंतु तीव्र औषधांचा मारा त्यांच्याही शरीरानें सोसलेला असतो, व त्यांचीही प्रतिकारशक्ति काळानुसार ओसरते. म्हणून पेशी दात्याच्या असोत वा स्वतःच्या, दोहोंसही लसीकरण सांगितलेलें आहे.

लसींचा क्रम सामान्यतः असा असतो. न्यूमोनिया आणणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरील संयुग्म लस रोपणानंतर ३ ते ६ महिन्यांच्या सुमारास सुरू करून, महिन्या-महिन्याच्या अंतरानें ३ डोस देतात, व पुढें आणखी एक पूरक डोस देतात. इन्फ्लुएंझाची मृत जंतूंची लस ४ ते ६ महिन्यांपासून देतात, आणि ती दरवर्षीं घ्यावयाची असते. कोविडची लस ३ महिन्यांनंतर केव्हांपासून घ्यावी हें डॉक्टर ठरवितात. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची त्रिगुणी लस, पोलिओची टोचावयाची लस, हिब जंतूची लस व काविळीच्या ब प्रकारावरील लस यांचे तीन-तीन डोस ६ ते १२ महिन्यांच्या सुमारास सुरू होतात. काविळीची लस पुरी झाल्यावर महिना-दोन महिन्यांनीं रक्त तपासून ती लागू पडली कीं नाहीं हें पाहतात, व न पडल्यास पुन्हां देतात.

यांतील त्रिगुणी लसीसंबंधीं एक अडचण आधींच सांगून ठेवतों. मोठ्या माणसांसाठीं बाजारांत जी सौम्य मात्रेची लस मिळते ती नव्या मज्जेस पुरेसें शिकवीत नाहीं, म्हणून तज्ज्ञ पुष्कळदां प्रौढ रोग्यासही बालकांची पूर्ण मात्रेची लस लिहून देतात. चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलास औषधाच्या दुकानदारानें ‘ही लहान बाळांची आहे, कांहीं चूक झाली असेल’ असें सांगून परत पाठविलें, असें घडणें अगदीं शक्य आहे. तेव्हां घरच्यांनीं गोंधळून दुसरी लस न घेतां डॉक्टरांस दूरध्वनि करून खात्री करून घ्यावी.

दुसरा वर्ग जिवंत परंतु दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसींचा. गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांची एकत्रित लस, तसेंच कांजिण्यांची लस, या रोपणानंतर निदान २४ महिने देऊं नयेत. दोन वर्षें लोटल्यावरही दात्याच्या पेशी रोग्याच्या शरीराशीं भांडत असतील, किंवा तें भांडण मिटविण्यासाठीं प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें चालूं असतील, तर त्या वर्ज्यच समजाव्या. क्षयावरील बीसीजी व तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस या अशा रोग्यास देत नाहींत. निरोगी बालकाच्या अंगीं दुबळा जंतु केवळ धडा शिकवून जातो. परंतु ज्याची मज्जा अजून शिकतच आहे, त्याच्या अंगीं तोच जंतु प्रबळ होऊं शकतो. शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन किंवा रिटुक्सिमॅबसारखें औषध दिलें असेल, तर लसींच्या तारखा पुढें ढकलाव्या लागतात. म्हणून तारखांचा अंतिम निर्णय रोपण करणाऱ्या डॉक्टरांचाच. आपण क्रम समजून घ्यावा तो प्रश्न नीट विचारतां यावा म्हणून.

येथवर रोग्याचें झालें. आतां एकत्र कुटुंबाचें कर्तव्य सांगणें आहे, आणि माझ्या मतें या विषयाचें मर्म तेथेंच आहे. ज्या दोन वर्षांत रोग्यास गोवराची लस टोचतां येत नाहीं, त्या दोन वर्षांत त्याचें कवच कोण? तर भोवतालचीं माणसें. घरांतील प्रत्येक मुलास गोवराची लस वेळच्या वेळीं मिळालेली असली, घरच्या सर्वांनीं दरवर्षीं इन्फ्लुएंझाची लस घेतली, तर रोग उंबरठ्यावरच थबकतो. मुलांस दिलेल्या गोवराच्या लसीपासून रोग्यास धोका नाहीं. उलट ती न दिल्यानेंच धोका आहे. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईंत गोवराची साथ पसरली व कित्येक बालकें दगावलीं, हें आपण वाचलेंच असेल. गोवर हा अत्यंत शीघ्र पसरणारा रोग आहे. उपचारासाठीं मुंबईस जा-ये करणाऱ्या रोग्याच्या दृष्टीनें अशी साथ म्हणजे वाटेंत दबा धरून बसलेला वाघच होय.

परंतु एका लसीच्या बाबतींत नियम उलट आहे. तोंडावाटे पाजलेल्या पोलिओच्या थेंबांतील दुबळा विषाणु बालकाच्या मळावाटे कांहीं आठवडे बाहेर पडत राहतो. इतरांस तो बाधत नाहीं, परंतु रोपण झालेल्या काकास वा आत्यास बाधूं शकतो. म्हणून ज्या घरीं असा रोगी आहे तेथील बालकांस थेंबांऐवजीं पोलिओची टोचावयाची लस द्यावी असा संकेत आहे. ही लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत २०१५ सालापासून थेंबांच्या जोडीला आलेलीच आहे. पल्स पोलिओच्या रविवारीं दारीं आलेल्या सेविकेस घरची परिस्थिति स्पष्ट सांगावी, व बालकाच्या डॉक्टरांकडून टोचावयाच्या लसीची व्यवस्था करून घ्यावी. थेंब आधींच पाजले गेले असतील तर रोग्यानें त्या बालकाचे लंगोट बदलूं नयेत, शौचानंतरची स्वच्छता दुसऱ्यानें करावी व सर्वांनीं साबणानें हात धुवावे. रोटाव्हायरसची लस बाळास द्यावी, पण त्यानंतर महिनाभर रोग्यानें लंगोटांपासून दूर राहावें. ज्यांच्या घरीं असा रोगी नाहीं त्यांनीं मात्र या लेखाचा आधार घेऊन थेंब टाळूं नयेत. त्या थेंबांच्याच बळावर २०११ च्या जानेवारीनंतर आपल्या देशांत नैसर्गिक पोलिओचा रोगी आढळलेला नाहीं, व २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला.

वडील माणसांच्या शंकांचाही विचार केला पाहिजे. ‘पोरानें इतकें सोसलें, आतां पुन्हां सुया टोचून ताप कां आणतां?’ असें आजी म्हणाल्या तर तें मायेचें बोलणें आहे. त्यास उद्धट उत्तर देऊं नये. मुंबईंत १८०२ सालच्या जूनमध्यें तीन वर्षांच्या एका मुलीस या देशांतील पहिली देवीची लस टोचली, तेव्हांपासून प्रत्येक पिढींतील आजीनें हा प्रश्न विचारलेला आहे, आणि प्रत्येक पिढीनें दंड पुढें केल्यामुळेंच देवीचा रोग जगांतून गेला. आजींच्या स्वतःच्या दंडावरील वण हेंच त्यांच्या शंकेचें उत्तर आहे.

खर्चाची बाजूही डोळ्यांआड करतां येत नाहीं. सरकारी मोफत लसीकरण मुख्यत्वें बालकांसाठीं व गरोदर स्त्रियांसाठीं आहे. प्रौढ रोग्यास यांतील पुष्कळ लसी विकत घ्याव्या लागतात. रोपणापायीं दागिने मोडलेल्या घरास हा नवा खर्च जड जातो, आणि मग ‘पुढें पाहूं’ म्हणून लसी मागें पडतात. म्हणून रोपणाच्या खर्चाचा अंदाज करतांनाच लसींची रक्कम बाजूस काढून ठेवावी, व मदत करूं इच्छिणाऱ्या आप्तांस फळांच्या करंड्या आणण्याऐवजीं एखाद्या लसीचा भार उचलावयास सांगावें. यांत संकोच मानूं नये.

दुसरा संकोच त्याहून घातक. घरांत लग्नाच्या मुली आहेत, लोक काय म्हणतील, म्हणून रोगाची गोष्ट झांकून ठेवण्याची रीत अजून आपल्या घरांतून गेलेली नाहीं. परंतु जें झांकलें त्याची काळजी इतरांनीं कशी घ्यावी? मुंजीच्या आमंत्रणास नकार दिला, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दींत रोग्यास नेलें नाहीं, खोकणाऱ्या पाहुण्यास ओसरीवरूनच निरोप दिला, तर कारण न सांगतां तो मानापमानाचा विषय होतो; कारण सांगितलें तर तेच आप्त राखण करतात.

शेवटीं एक लहानशी सूचना. रोग्यासाठीं एक कोरी वही घालावी. पहिल्या पानावर रोपणाची तारीख लिहावी, व पुढें प्रत्येक लसीचें नांव, डोसाचा क्रमांक, दिनांक व पुढची तारीख नोंदावी. वही सांभाळण्याचें काम घरांतील हायस्कुलांत जाणाऱ्या मुलास वा मुलीस द्यावें. ज्या घरीं ही वही नीट चालेल, त्या घरीं मुंबईच्या डॉक्टरांचे श्रम व दात्याचें दान हीं दोन्हीं वायां जाणार नाहींत.