तणसाचा धनी कोण?

नागपूर–जबलपूर महामार्गावर मनसरजवळ २१ डिसेंबर २०२४ रोजी जैव-डांबराने बांधलेल्या रस्त्याच्या एका पट्ट्याचे उद्घाटन झाले. वनस्पतींना ताठपणा देणारा लिग्निन हा पदार्थ खनिज डांबरात १५ टक्क्यांपर्यंत मिसळण्याचे हे तंत्र आहे. पिकाच्या काडापासून इथेनॉल काढल्यावर किंवा लाकडाचा लगदा केल्यावर लिग्निन मागे उरते आणि बहुधा भट्टीत जाळले जाते. तेच खडी बांधून ठेवण्याच्या कामी यावे, ही कल्पना उत्तमच होय. गरजेच्या जवळपास निम्मे डांबर आयात करणाऱ्या देशाने तिचे स्वागत करावयास हवे, आणि आम्हीही ते मनःपूर्वक करतो. तथापि स्वागत करताना काही प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला प्रश्न कच्च्या मालाचा. राजधानीत ज्याला ‘शेतातील कचरा’ म्हणतात, ते पूर्व विदर्भातील धानउत्पादकाच्या घरी तणस असते आणि त्यावर त्याची जनावरे उन्हाळा काढतात. मराठवाड्यात कडब्याची गंजी ही दुष्काळातील ठेव असते. पऱ्हाटीवर अनेक घरांची चूल पेटते. उसाचे पाचट शेतातच कुजले तर जमिनीचा कस वाढतो. पंजाब-हरियाणात तणस शेतातच जाळले जाते. तेथे ते विकत घेणे सर्वांच्याच हिताचे. पानिपतला २०२२ साली उद्घाटन झालेला इथेनॉलचा कारखाना वर्षाला सुमारे २ लाख टन तणस वापरण्याच्या क्षमतेचा आहे. परंतु हाच हिशेब चाराटंचाईच्या मुलखाला लावता येणार नाही. गुरांचा आणि जमिनीचा वाटा राखून जे उरेल तेवढेच उचलावे. त्याचा दर हंगामापूर्वी जाहीर व्हावा. गोळा करण्याचे काम गावच्या सहकारी संस्थांना मिळावे. हे झाले नाही तर नफा कारखानदाराचा आणि दलालाचा होईल, शेतकऱ्याच्या पदरी मात्र रिकामा गोठा येईल.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. या तंत्रामागे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे, म्हणजे जनतेच्या पैशाचे, श्रम आहेत. विदर्भाच्या उन्हात आणि अवजड मालमोटारींखाली हा पट्टा किती पावसाळे टिकला, याचे निष्कर्ष वेळोवेळी जनतेसमोर मांडले गेले पाहिजेत.

तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रस्तेकामातील डांबराच्या धुराची गणना कर्करोगास कारण ठरू शकणाऱ्या गोष्टींत केली. १५ टक्के डांबर बदलले तरी ८५ टक्के खनिजच राहते आणि ते तापवावेच लागते. तापलेल्या डांबरापाशी पायांना चिंध्या गुंडाळून उभ्या राहणाऱ्या मजुराला बूट, मुखपट्टी आणि आरोग्यतपासणी देण्याची अट प्रत्येक निविदेत असलीच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी हे तिन्ही प्रश्न ग्रामसभांत मांडावेत. रस्ता हिरवा झाला एवढ्याने भागत नाही. तो ज्यांच्या तणसातून आणि घामातून होतो, त्यांचा वाटा त्यांना मिळाला पाहिजे.