‘आम्ही’ केले; पण तुम्ही काय केले?



आमची पुतणी हिंजवडीच्या एका कंपनीत सहा वर्षांपासून सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. मराठी शाळेत शिकलेली पोर. गेल्या वर्षी तिने एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत प्रोग्राम मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज केला आणि पहिल्याच फेरीत परत आली. रविवारी घरी आली तेव्हा तोंड उतरलेले. म्हणाली, “काका, त्यांनी विचारले, अवघड प्रसंगी तुम्ही काय केले? मी म्हणाले, आमच्या टीमने असे केले. त्यांनी परत विचारले, तुम्ही काय केले? मी म्हणाले, आम्ही सगळ्यांनी मिळून केले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला काही सुचेनाच.”

मला त्याचे नवल वाटले नाही. आपल्या घरात ‘मी-मी करू नये’ हेच शिकवले जाते. कार्यक्रमाचे वृत्त लिहितानाही आपण ‘सर्व कार्यकर्त्यांनी परिश्रम घेतले’ असे लिहून मोकळे होतो. संस्कार चांगलाच आहे. पण मुलाखतीच्या टेबलावर समोरच्या माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: ही मुलगी नसती तर काय बिघडले असते? ‘आम्ही’ म्हणून त्याचे उत्तर मिळत नाही.

आधी हे पद काय, ते समजून घ्यावे. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे कोणती वस्तू बनवायची आणि का, हे ठरवणारा. प्रोजेक्ट मॅनेजर एक काम वेळेत पुरे करून घेतो. प्रोग्राम मॅनेजरकडे एकमेकांत गुंतलेली अनेक कामे असतात आणि ती सगळी मिळून एका मुक्कामाला न्यायची असतात. पण ही व्याख्या सगळीकडे सारखी नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये १९८०च्या दशकात एक्सेलच्या कामावर जेब ब्लूमेंथाल यांच्यापासून हे पद सुरू झाले, तेव्हा सॉफ्टवेअर कसे चालावे याचा आराखडा लिहिणे हेच त्यात मुख्य होते. म्हणून नुसत्या पदनामावर जाऊ नये. जाहिरातीतील कामाची यादी ओळीओळीने वाचावी आणि प्रत्येक ओळीसमोर आपला एक प्रसंग लिहावा.

मी बी.कॉम. झालेला कारकून. संगणकातले मला टायपिंगपलीकडे थोडेच कळते. पण फाईल कोणत्या टेबलावर अडली आहे, हे शोधण्यात माझी वीस वर्षे गेली. त्या टेबलावरचा साहेब माझे ऐकायला बांधलेला नसतो, तरी फाईल पुढे न्यायची असते. पुतणीने कामाचे वर्णन वाचून दाखवले तेव्हा मी म्हटले, अगं, हे तर हेच आहे! प्रोग्राम मॅनेजरच्या हाताखाली बहुधा ती माणसे नसतात. अधिकार नसताना काम करून कसे घेतले, हा प्रश्न या मुलाखतीत हमखास येतो.

आम्ही दोनशे पानी वही घेतली. सहा वर्षांतले बारा प्रसंग तिने लिहून काढले. पहिल्या दिवशी म्हणाली, “माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही.” तिसऱ्या दिवशी आठवले: दिवाळीच्या तोंडावर दोन टीमना एकाच आठवड्यात तपासणीची एकच यंत्रणा हवी होती आणि दोघांना एकमेकांचे ठाऊक नव्हते. हे हिच्या लक्षात आले. हिने दोघांच्या तारखा एका तक्त्यात मांडल्या, रोज पंधरा मिनिटांची बैठक लावली, एका टीमच्या प्रमुखाला रात्रपाळीत तपासणी करायला राजी केले. दोन आठवड्यांचा उशीर दोन दिवसांवर आला. तिला कुणीही हे करायला सांगितले नव्हते. आणि ही पोर म्हणते सांगण्यासारखे काही नाही!

प्रसंग सांगण्याची एक रीत आहे, तिला ‘स्टार’ पद्धत म्हणतात. परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केले आणि फळ काय मिळाले, या क्रमाने बोलायचे. मुले परिस्थितीच पाच मिनिटे सांगत बसतात. ती दोन वाक्यांत आटपावी आणि सारा वेळ ‘मी काय केले’ यावर द्यावा. फळ आकड्यात सांगावे. एक फसलेला प्रसंगही तयार ठेवावा. तो खरा असावा आणि त्यात चूक स्वतःची असावी.

ॲमेझॉनचे उदाहरण घ्या. त्या कंपनीची नेतृत्वाची सोळा तत्त्वे जाहीर आहेत. आधी चौदा होती, २०२१ मध्ये दोन वाढवली. मुलाखतीतले पुष्कळ प्रश्न त्यांवरच बेतलेले असतात. एक तत्त्व असे की मतभेद असेल तर स्पष्ट मांडा, पण निर्णय झाल्यावर मनापासून कामाला लागा. तेथे मुलाखत घेणाऱ्यांत ‘बार रेझर’ म्हणून एक जण असतो, जो ती जागा भरणाऱ्या विभागाबाहेरचा असतो. त्याला जागा लवकर भरण्याची घाई नसते, म्हणून तो खोलात शिरतो. आजकाल काही मुले एआयकडून उत्तरे लिहून घेऊन पाठ करतात. ‘मग त्या दिवशी तो प्रमुख काय म्हणाला?’ असा साधा उपप्रश्न आला की त्यांची गाडी तिथेच थांबते.

नियोजनाचा भाग मात्र तिला माझ्या भावाने शिकवला. भाऊ सेंट्रिंगचे काम करतो. तिच्या पुस्तकात ‘क्रिटिकल पाथ’ नावाचे प्रकरण होते. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीत १९५७च्या सुमारास बसवलेली ही पद्धत. तिला ती आकृती उमजेना. भाऊ जेवता जेवता म्हणाला, “फरशी चार दिवस उशिरा आली तर घर थांबत नाही, सेंट्रिंग काढेपर्यंत तिचे कामच नाही. पण सळई चार दिवस उशिरा आली तर अख्खे घर चार दिवस मागे पडते. आणि विजेचे पाइप स्लॅब टाकण्याआधी बसवले नाहीत तर मागून तोडफोड.” ज्या कामाच्या उशिराने सगळ्याचाच उशीर होतो, त्या कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. पुतणीने घास तसाच ठेवून वही उघडली. भाऊ सातवी शिकलेला आहे.

पदाच्या नावात ‘टेक्निकल’ हा शब्द असेल तर यंत्रणा कशी चालते हेही विचारतात. त्याचा सराव आम्ही भाजीवालीच्या गाडीवर केला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर आपण वीस रुपये पाठवतो तेव्हा निरोप आपल्या ॲपकडून कुठे जातो? मध्ये एनपीसीआयची यंत्रणा, एका बाजूला आपली बँक, दुसऱ्या बाजूला तिची बँक. यातला कोणता दुवा अडला तर पैसे कापले जातात पण भाजीवालीला मिळत नाहीत? त्या वेळी आपण आधी कुणाला फोन करू, गिऱ्हाइकाला काय कळवू? हे कागदावर चौकोन काढून बोलता आले पाहिजे.

राहिली इंग्रजी. तिची भीती उगाच वाढवली जाते. छोटी वाक्ये बोलावीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्यास सांगावे, त्यात कमीपणा नाही. विचार करायला अर्धा मिनिट मागून घ्यावा. पगार किती हवा, असे विचारले तर आधी त्या पदाची पगाराची मर्यादा विचारावी. आपली मुले घाबरून कमी आकडा सांगतात आणि मग वर्षानुवर्षे तेवढ्यावरच राहतात.

असो. दुसऱ्या एका कंपनीत तिच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत. शेवटची शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, व्हिडिओवर. आमच्या दोन खोल्यांत शांतता मिळायची नाही, म्हणून अभ्यासिकेच्या मुलांनी आतली खोली तिच्यासाठी ठेवली आहे. समोरच्या मंडपवाल्यालाही सातपर्यंत भोंगा लावू नको म्हणून सांगून आलो. भाऊ त्या दिवशी कामाला खाडा करणार म्हणत होता. मी म्हटले, तू कामावर जा बाबा. इथे बसलास तर दर पाच मिनिटांनी दार उघडून बघशील.