जोडगाडीचा ब्रेक आणि तारेची काटकसर

अमेरिकेतील शेतकरी पिकअप गाडीमागे गुरांची जोडगाडी ओढतो, तेव्हा तिच्या चाकांतील विद्युत्-ब्रेक चालकापाशी बसविलेल्या नियंत्रकाच्या ताब्यात असतात. नियंत्रकाच्या तारा बहुधा चारच : काळी बॅटरीकडे, पांढरी ऋण टोकाकडे, तांबडी ब्रेक-दिव्याच्या खटक्याकडे व निळी जोडगाडीच्या ब्रेकांकडे. जोडणी सोपी खरी. परंतु निळी तार बारीक घालून पैसे वाचविणे आमच्या मते घातकच होय. बारीक तारेत विद्युत्-दाब घटतो, चुंबकाची पकड ढिली पडते आणि उतारावर मागचे ओझे पुढील गाडीस रेटू लागते. गंजक्या पत्र्यावर टेकविलेली पांढरी तारही तितकाच दगा देते. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांना पुष्कळदा ब्रेकच नसतात. तेथे तारेच्या जाडीची गोष्ट दूरच! साखर कारखान्यांनी ट्रॉलीचे ब्रेक पाहिल्यावाचून वाहतुकीचा करार करू नये.