पिवळं धान, तुडतुडे आणि फोनचा कॅमेरा

गेल्या ऑक्टोबरमध्ये भंडारा जिल्ह्यात मामाच्या धानात मधोमध एक पिवळा, गोल पट्टा दिसला. मी लगेच फोन काढला, पानाचा क्लोज-अप घेतला आणि एका ॲपवर टाकला. उत्तर आलं : नत्राची कमतरता. खात्रीची टक्केवारीही भरघोस! मामा युरिया आणायला निघालाच होता.

मामी मात्र खाली वाकली आणि तिने एका चुडाचं बूड फाकवून पाहिलं. पाण्याच्या जरा वर तपकिरी तुडतुडे नुसते चिकटलेले.

हे तुडतुडे बुंध्यातला रस शोषतात. मग धान पिवळं पडतं, वाळतं आणि शेतात जळाल्यासारखे गोल पट्टे दिसतात. अशा वेळी युरिया टाकला तर? जादा नत्राने धान लुसलुशीत होतं आणि तुडतुडे आणखी झपाट्याने वाढतात. म्हणजे त्या सल्ल्याने आम्ही किडीलाच पंगत वाढणार होतो.

ॲप खोटं बोललं का? नाही. असं मॉडेल हजारो फोटोंवर शिकतं आणि समोरचा फोटो त्यातल्या कशाशी जुळतो ते सांगतं. टक्केवारी त्या जुळण्याची असते, शेताची नाही. फ्रेममध्ये कीड नव्हतीच! नंतर मी बुंध्याचा फोटो टाकला, तेव्हा त्याच ॲपने तुडतुडे बरोबर ओळखले.

हे आत्ता सांगायचं कारण, 15 ऑगस्ट 2024 ला केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड देखरेख प्रणाली सुरू केली. त्यातही फोटोवरून एआय कीड ओळखतं. कल्पना मला आवडते, कृषी सहायक रोज प्रत्येक बांधावर पोहोचू शकत नाही. पण धानाच्या ॲपने आधी ‘बुंध्याचा फोटो द्या’ असं का विचारू नये? एवढं तर साध्या सूचनेत बसतं.

तोवर तुम्हीच वाका. शेतात वेगवेगळ्या ठिकाणचे 10-20 चूड हलवून तुडतुडे मोजा. चुडामागे साधारण 10 च्या पुढे गेले, तर बांधीतलं पाणी काढा आणि कृषी सहायकाला विचारूनच औषध घ्या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड तर नकोच, त्याने तुडतुडे खाणारे कोळी मरतात आणि कीड उलट वाढते. इंडोनेशियाने 1986 मध्ये याच किडीपायी भातावरची 57 कीटकनाशकं बंद केली होती.

मामाने पाणी काढलं. युरियाची गोणी आणलीच नाही.