बरे झाल्यानंतरचा हिशेब

तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगासाठी डे-केअर केंद्र उघडण्याची घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. घोषणा स्वागतार्हच आहे. केमोथेरपीच्या सलाईनसाठी पाथर्डी-अकोल्याच्या बाईला घडणारी पुण्या-मुंबईची वारी काही अंशी तरी टळेल. पण विचार सलाईनपाशी थांबून चालणार नाही. सलाईन संपते, बाई घरी येते, कामाला लागते. पुढे काय?

थोडे स्वतःविषयी सांगते. २०११ साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन आटोपून मी नगर जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत पुन्हा रुजू झाले. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, माझ्या तोंडात अजून नगरच बसले आहे.) पहिल्याच आठवड्यात रोखपाल व्हाउचर परत घेऊन आला. "मॅडम, सही जुळत नाही." केमोतल्या काही औषधांनी बोटांच्या टोकांना बधिरपणा येतो; पेन किती दाबले जाते तेच मला कळत नव्हते. तीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या आणि आता माझीच सही चुकत होती! सगळ्यांच्या लेखी मात्र मी बरी झाले होते.

मेख इथेच आहे. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी कधी काही वर्षांनंतरही. अनेकींना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. तिने अंगातून वाफा निघतात. दुसऱ्या काही गोळ्यांनी सांधे धरतात. शिवाय झोपूनही न जाणारा थकवा आणि विसराळूपणा. यातले काहीच बाहेरून दिसत नाही, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही.

माझ्यापाशी साठलेली रजा होती, पगार होता, फायली उचलून द्यायला शिपाई होता. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे काय? तिथे 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि उचल मिळते ती जोडीला. सुजल्या हाताने तिला मोळी डोक्यावर घेता आली नाही, तर खाडा दोघांच्या नावावर पडतो. संगमनेरची विडी कामगार हजारावर मजुरी घेते. बधिर बोटांनी तिचा हजार पुरा व्हायचा कधी?

कायदा काय म्हणतो? कर्मचारी राज्य विमा योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत आजारपणाचा वाढीव लाभ मिळू शकतो. पण ऊसतोड, खुरपणी, कांदा लागवड करणारी बाई त्या योजनेत येतच नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांचा भार उचलते, बुडालेल्या मजुरीचा नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत कर्करोगाचे नाव नाही. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात मात्र निदान झाल्या दिवसापासून कर्करोगाच्या रुग्णाला हे संरक्षण मिळते आणि कामात वाजवी सवलत देणे मालकावर बंधनकारक ठरते.

आधी जीव वाचवायचा की सुजलेल्या हाताकडे बघायचे, असे कुणी विचारील. वस्तुतः हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. त्रास सोसवत नाही म्हणून कित्येक जणी गोळी मध्येच सोडतात, आणि गोळी सोडली की आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे सरकारने उपचारांवर केलेला खर्चही बुडीत खात्यात जमा.

तेव्हा जिल्हा रुग्णालयात केंद्र उघडताना तिथे फिजिओथेरपिस्ट नेमावा. टेपने दंडाचा घेर मोजायला आणि हाताचे व्यायाम करायला बाईला शिकवावे. दाबपट्टीची बाही योजनेतून मिळावी. आशाताईंनी गोळी चालू आहे का, हे विचारताना हात कसा आहे हेही विचारावे. आणि असंघटित बाईला निदान काही महिन्यांचा निर्वाहभत्ता असावा. यातल्या कशालाही मोठे यंत्र लागत नाही.

मी शेवटी सहीचा नवा नमुना दिला आणि बँकेने तो नोंदवून घेतला. त्या एका नोंदीने माझी पुढची आठ वर्षांची नोकरी निभावली. मोळी न उचलू शकणाऱ्या बाईसाठी अशी नोंद अजून कुठल्याच वहीत नाही.